उरुसातली एक दुपार आणि वाढ्याचे पैसे



परभणीचा उरूस दरवर्षी २ फेब्रुवारीला सुरू होतो, हे आपल्याकडे लेकराबाळांनाही ठाऊक आहे. हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस. इतर ठिकाणचे बहुतेक उरूस चांद्र महिन्यावर चालतात, म्हणून इंग्रजी तारखेने ते दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. कधी थंडीत, तर कधी भर पावसात येतात. परभणीचा मात्र इंग्रजी तारखेला बांधलेला, २ ते १५ फेब्रुवारी. ऊसवाल्याच्या दृष्टीने ही तारीख सोयीची की गैरसोयीची, हे सांगणं अवघड आहे. कारण सुरू लागणीची मुदतही १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. लागण आणि उरूस एकाच दिवशी संपणार! त्यात गाळप ऐन भरात. कोणाची तोड चालू, कोणी चिठ्ठीची वाट बघत बसलेला, कोणाचा हरभरा काढणीला आलेला. त्यामुळे "उरूस काय पळून चाललाय का, पुढल्या साली बघू" हे वाक्य आम्ही बांधावर उभे राहून किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणतीच नाही. म्हणणारा नेहमी घरधनी असतो. ऐकणारी माजघरात असते.

यंदा साफसफाईसाठी गाळप एक दिवस बंद होतं. ती संधी साधून आम्ही, आमच्या सौ. आणि दोन्ही मुलं दुपारच्या एसटीने उरुसाला गेलो. स्टँडवर आमच्या गटातले एक सभासद सहकुटुंब भेटले. तीन एकर ऊस, त्यातला निम्मा खोडवा. नाव देत नाही, ओळखायचे ते ओळखतीलच. मग सगळे मिळूनच फिरलो.

दर्ग्यावर फुलं वाहून बाहेर आलो की बाजार सुरू होतो. उरूस मुसलमानांचा आणि गर्दी सगळ्यांची, ही इथली जुनी रीत. कपाळाला अबीर लावलेले माळकरीही दिसतात आणि नवीन लग्न झालेल्या मुलीही सासूबरोबर नारळ-फुलं घेऊन येतात. मुलांना अर्थातच आकाशपाळणा आणि मौत का कुवा यांच्यापुढे काही सुचत नव्हतं. सभासद महाशयही त्यांच्याबरोबर गेले. विहिरीतली मोटारसायकल बघायची हौस लेकरांना होती की बापाला, ते आम्ही विचारलं नाही. खाज्याचे ढीग, भला मोठा पराठा आणि त्याच्याबरोबर तोलून दिलेला हलवा, याविषयी लिहायला बसलो तर जागा पुरणार नाही.

आम्हाला स्वतःला हाताच्या कामाची आवड. डिप्लोमा करताना लोहारकामाचा थोडा धडा होता, त्यातून लागलेली खोड. खुर्जाच्या चिनीमातीच्या बरण्या पाहिल्या. उत्तर प्रदेशातलं हे गाव बरण्यांसाठी देशभर प्रसिद्ध. लोणच्याला प्लास्टिकच्या डब्यापेक्षा ही बरणी केव्हाही बरी; फक्त घेताना बोटाने टिचकी मारून बघावी. आवाज बद्द आला तर कुठेतरी तडा आहे असं समजावं. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात निर्मल नावाचं गाव आहे. तिथे हलक्या पोनिकी लाकडाची खेळणी करतात, चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून त्यांचे सांधे भरतात. ती कुठे मिळतात का म्हणून दोन गल्ल्या हिंडलो, नाही दिसली. साच्यातल्या प्लास्टिकच्या गाड्या मात्र हव्या तितक्या. मुलांना त्यातलीच एक घेतली, ती एसटीतच मोडली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो बांगड्यांच्या दुकानी. परभणी मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर. १९४८ सालापर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपल्याकडच्या आज्या चारमिनारजवळच्या लाडबाजाराचं नाव अजून काढतात, ते उगीच नाही. लाखेची बांगडी ही तिथली खासियत. कुसुम, पळस, बोर या झाडांवर एक बारीक कीड बसते, ती जो राळेसारखा पदार्थ टाकते ती लाख. आपल्या माळावरही पळस काही कमी नाहीत, पण लाख बहुतेक झारखंड-छत्तीसगडकडून येते. कारागीर ती निखाऱ्यावर मऊ करतो, पाटावर वळून तिची दोरी करतो, गोल साच्यावर चढवून टोकं जुळवतो आणि गरम असतानाच त्यात आरशाचे तुकडे, खडे बसवतो. हे सगळं हाताने. उष्णतेने मऊ झालेली वस्तू ती, पुन्हा उष्णतेनेच मऊ होणार. म्हणून दुकानदार प्रत्येकीला बजावत होता, "ताई, चुलीजवळ सांभाळा." काचेच्या बांगड्यांचे ढीग वेगळे, ते फिरोजाबादचे.

त्या दुकानाच्या सतरंजीवर सभासदाच्या बाई आणि एक ऊसतोड करणारी बाई शेजारी-शेजारी बसल्या. दोघींची ओळख नव्हती. तोडणीवाली बाई कोणत्या टोळीतली, तेही आम्हाला ठाऊक नाही. गाळप बंद म्हणून त्यांनाही सुट्टी. हाताला कोयत्याचे घट्टे, डोक्याला फडात बांधतात तसा रुमाल. तिने काचेच्या बांगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोळी बांधताना टिकत न्हाईत, दादा, हातात घुसतात," म्हणाली. लाखेच्या दोन निवडल्या, पोरीसाठी एक डझन छोट्या काचेच्या घेतल्या, कमरेची पिशवी सोडली आणि मोजून पैसे दिले. दुकानदार म्हणाला, "मालकाला विचारायचं न्हाई का?" ती हसली. "वाढ्याचे हायेत. माझे."

सभासदाच्या बाईंनीही लाखेचा एक जोड हातात धरला होता. हिरवा, मधे आरसे. दहा मिनिटं तरी धरला असेल. मग मान वळवून गर्दीत पाहिलं. हल्ली पैसे खिशात नसतात, फोनमध्ये असतात; आणि फोन मौत का कुव्यापाशी होता. जोड त्यांनी हलकेच ढिगात ठेवून दिला. "राहू द्या, घरी ढीग पडल्यात," म्हणाल्या. आमच्या सौ. पैसे देऊ लागल्या तर त्यांनी हात धरला. "तुमच्या पैशानं नको, ताई."

आता वाढ्याचं गणित सभासदांना सांगायला नको. तोडणीवाल्या बायका वाढ्याच्या पेंढ्या बांधून गावात विकतात, त्याचे रोख पैसे येतात आणि बहुतेक ठिकाणी ते बाईकडे राहतात. तोडणीचा मोठा पैसा मात्र कोयत्यावर असतो. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. त्याची उचल हंगामाआधीच मुकादमाकडून नवऱ्याच्या हाती गेलेली असते. वाढे आमचे, टोळी कशी विकते, अशी तक्रार घेऊन दर हंगामात दोन-चार सभासद आमच्याकडे येतात. त्या तक्रारीतला हिशोब वेगळा, त्यावर पुढे कधी लिहू. पण हे लक्षात घ्या, की त्या बाईच्या वर्षभराच्या कष्टातली तिच्या स्वतःच्या हातात पडणारी रक्कम बहुधा तेवढीच असते.

आणि आपल्या घरी? बेण्याच्या टिपऱ्या कोण तोडतं, बेणेप्रक्रियेच्या पाण्यात हात कोणाचे भिजतात, लागणीनंतरच्या खुरपण्या कोण करतं, खताची पाटी कोण वाहतं? 'को ८६०३२' चांगला की 'फुले २६५' यावर आमच्याशी तासभर वाद घालायला घरधनी येतात. कोणत्या सरीत तूट पडली आहे, हे आम्हाला बाईच दाखवते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं लागतं. ते मिळालं नाही की सभासद बरोबर दिवस मोजून येतात, आणि यावंच. पण आलेलं बिल कोणाच्या खात्यात जमा व्हावं, त्यावर कोणाची सही चालावी, हे मात्र घराघरातच ठरतं.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, ही त्यामागची कल्पना. तेव्हा पुष्कळांनी चेष्टा केली, काहींनी खरोखर सातबारा बदलला. आमच्या गटात अशा बाया आहेत. स्वतःच्या नावावर शेअर, स्वतःच्या नावाने उसाची नोंद. त्यांच्या प्लॉटवर पाचट कुट्टी करा म्हटलं तर एकदाच सांगावं लागतं.

परतीच्या एसटीत हा विषय निघाला तेव्हा सभासद महाशय जरा बिचकले. "मी काय कधी नाही म्हणतो का? मागितलं की देतो." आमच्या सौ. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "भाऊजी, तेच तर. मागावं लागतं." त्यानंतर स्टँड येईपर्यंत कोणी बोललं नाही. बाई लेकराला मांडीवर घेऊन झोपल्याचं सोंग करून बसल्या होत्या.

चार दिवसांनी ते गट ऑफिसला आले. आम्हाला वाटलं, तोडीची चिठ्ठी विचारायला. विचारलीच, पण निघताना दाराशी थांबून म्हणाले, "साहेब, ते दोघांच्या नावाचं खातं काढायचं तर काय काय लागतं?"

तर जे लागतं ते असं. बँकेत दोघांनी जायचं. दोघांचं आधार, दोघांचे फोटो आणि पासबुक न्यायचं. फॉर्म भरताना दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीने पैसे निघावेत असा पर्याय सांगायचा. नाहीतर जोडखातं असूनही प्रत्येक वेळी दोन सह्या लागतील आणि त्याचा काही उपयोग होणार नाही. मग नव्या खात्याच्या पासबुकाची प्रत आणि साधा अर्ज कारखान्याच्या शेतकी ऑफिसला द्यायचा, म्हणजे पुढचा हप्ता त्या खात्यावर पाठवता येईल. बाईच्या नावे सातबारा असेल तर उसाची नोंद तिच्या नावाने वेगळी करावी. शेअरवर वारस लावला नसेल तर तोही लावून घ्यावा; जुन्या सभासदांच्या कित्येक फायलीत ती जागा कोरी आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा उरुसाचे पाच-सहा दिवस शिल्लक असतील. ज्यांची लागण उरकली आहे त्यांनी दुपारीच निघावं, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बायका-मुलं भरून नेऊ नका, एसटी आहे. आणि जे ट्रॅक्टरवाले रात्री ऊस घेऊन त्याच रस्त्याने काट्यावर येतात, त्यांनी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय फड सोडू नये. उरुसाचे परतणारे लोक अंधारात रस्त्याच्या कडेनेच चालत असतात.