नाहींसा होणारा षड्ज

रेडिओवर बोलावयास बसून रेडिओमुळेंच झालेल्या एका गैरसमजाची हकीकत सांगणें हें थोडें कृतघ्नपणाचें आहे. परंतु ज्या यंत्रानें मला भीमसेन जोशींचें गाणें दिलें, त्यानेंच त्या गाण्याविषयीं एक खोटी समजूत माझ्या मनांत रुजविली, आणि ती जावयास मला तुळजापुराहून पुण्यास जावें लागलें.

आमचें घर तुळजापुरांत, भवानीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. अशा गांवांत संगीत शोधीत जावें लागत नाहीं. तेंच दाराशीं येतें. लग्नमुंजी झाल्या कीं घरोघर गोंधळ घालावयाचा. गोंधळ्यांत दोन शाखा सांगतात, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि आमच्या भवानीचे ते कदमराई. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातीं तुणतुणें. मुख्य गोंधळी प्रथम गांवोगांवच्या देवदेवतांना नांवें घेऊन बोलावणार, आख्यान त्यानंतर. लहानपणीं आम्हांला ही आमंत्रणांची यादी फार लांबते असें वाटे. पण तें गाणें कानांवर येई तसेंच डोळ्यांनाही दिसे. गोंधळ्याच्या कपाळावरचा घाम, जळत्या तेलाचा वास, संबळावर काठी पडण्यापूर्वीं वर गेलेला हात, हें सारें गाण्याचाच भाग होतें. तेव्हां तें कळलें नाहीं, इतकेंच.

शास्त्रीय गाणें मात्र आम्हांस आंधळें मिळालें. आकाशवाणीनें १९५२ सालीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला; पुण्याचें केंद्र १९५३ सालीं निघालें. शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, रेडिओजवळ खुर्ची ओढून बसत आणि कांटा केसभर इकडे, केसभर तिकडे करीत. भीमसेनांचें नांव निवेदकानें उच्चारलें कीं घरांत कोणी भांडें वाजवावयाचें नाहीं, असा दंडक होता.

त्या रेडिओवर एक चमत्कार घडे. भीमसेन षड्जावर स्थिरावले कीं कांहीं वेळां तो स्वर हळूहळू बारीक होई, दूर दूर जाई, अगदीं नाहींसा झाला असें वाटे आणि मग कोठूनसा पुन्हां भरून येई. मी त्यावर मोहित होतों. शाळेंतल्या मित्रांना मी सांगत असें कीं असा नाहींसा होणारा षड्ज हिंदुस्थानांत दुसऱ्या कोणास साधत नाहीं.

चमत्काराचें कारण साधें होतें. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या आधारानें चालतात आणि त्यांचा पल्ला बेताचा असतो. रात्रीं त्या आकाशाकडे गेल्या असतां तेथील विद्युद्भारित थरावरून परावर्तित होऊन दूर अंतरावर उतरतात. एकच लहर दोन वाटांनीं येऊन पोंचली म्हणजे त्या दोहोंची कधीं बेरीज होते, कधीं वजाबाकी. आणि वरचा थर सारखा हलत असल्यामुळें आवाज वाढतो, मावळतो. ज्याला मी गायकाची कला समजत होतों ती वातावरणाची होती!

यंत्रानें दिलेलें गाणें कमी प्रतीचें असतें असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. खुद्द भीमसेनांच्या आयुष्याला वळण लागलें तें एका तबकडीमुळें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सवातीन मिनिटांचें गाणें मावे. अब्दुल करीम खांसाहेबांची अशीच एक ठुमरी कानीं पडली आणि १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, हा गदगचा मुलगा घर सोडून गेला. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर अशी वणवण करून तो शेवटीं परत आपल्याच मुलखांत, खांसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशीं येऊन राहिला. घर सोडावयास तीन मिनिटें पुरलीं. गाणें यावयास मात्र गुरूसमोर वर्षानुवर्षें बसावें लागलें.

मी एकोणीस वर्षांचा असतांना, १९७४ च्या डिसेंबरांत, मामांबरोबर पुण्यास सवाई गंधर्व महोत्सवाला गेलों. गुरूंच्या निधनानंतर भीमसेनांनींच १९५३ पासून चालविलेला हा उत्सव. तेव्हां तो तीन रात्री चाले आणि शेवट भीमसेनांच्या गाण्यानें करावयाचा, असा परिपाठ पडलेला होता. खरें म्हणजे हा मान अण्णांचा. परंतु त्यांची उजवी बाजू अर्धांगवायूनें गेली होती, एस्. टी.नें सोलापूर आणि तेथून आगगाडी, हा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता. निघतांना ते म्हणाले, "ऐकूं येतें कसें तें मला ठाऊक आहे. दिसतें कसें तेवढें नीट पाहून ये."

शेवटची रात्र सरत आली. मांडवांत कडाक्याची थंडी होती. लोक शाली-घोंगड्या गुंडाळून बसलेले. भीमसेन येऊन बसले आणि गाणें सुरू होण्याऐवजीं तंबोरे लावणें सुरू झालें. चार तारा, त्यांच्याखालीं घोडीवर सरकवावयाचा तो सुताचा दोरा; तो गव्हाएवढा मागेंपुढें झाला तरी नाद बदलतो. एक तंबोरा लागला, दुसरा लागला, दोन्ही एकमेकांशीं लागले, असें वाटतें तोंच पुन्हां खुंटी पिळावयाची. मी कंटाळलों. रेडिओवर नांव सांगितलें कीं स्वर येई.

मग तोडी सुरू झाली, आणि मला धक्काच बसला. तो मनुष्य गात नव्हता. आडांतून कांहीं जड वस्तु ओढून काढीत होता. हात पुढें जात, मुठी वळत, मान एका अंगास पडे, चेहरा वांकडा होई. ज्या स्वरावर मी लहानाचा मोठा झालों, तो काढतांना हें असें दिसतें? खरें सांगतों, मला लाज वाटली आणि मीं डोळे मिटून घेतले. डोळे मिटून मी माझ्या षड्जाची वाट पाहूं लागलों. तो आला, पण नाहींसा होईना! जेथें लावला तेथें तो भक्कम उभा. पन्नाशी उलटली, कला ओसरली, असाही एक अगोचर विचार माझ्या मनांत येऊन गेला.

डोळे उघडले तेव्हां कोठें मला दिसूं लागलें. हात आवाजाच्या आधीं जात होता. तोडीचा गांधार नेहमींच्या कोमल गांधाराहूनही उतरलेला. त्याच्याकडे हात जाई, स्वर तेथें पोंचे, आणि समाधान न होऊन ते परत ऋषभावर येत. विलंबित एकतालाचें एक आवर्तन संपे, दुसरें संपे, तरी गांधाराचेंच काम चाललेलें. किराणा घराण्याची बढत म्हणतात ती ही. एकेक स्वर बोलवावयाचा, बसवावयाचा, मगच पुढच्याकडे वळावयाचें. आमच्या गोंधळ्याची ती लांबलेली आमंत्रणें मला त्या मांडवांत आठवलीं.

आणि मग तार षड्ज. खांदे वर गेले, श्वास भरला, तो मीं पाहिला. स्वर लागला आणि लांबत राहिला. शेवटीं तो खरोखरच बारीक झाला. ओठ किंचित् मिटत त्यांनीं तो स्वतः लहान केला. स्वर जसजसा उणावत गेला, तसतसे तंबोरे वर येत गेले, आणि तो नक्की केव्हां संपला हें कोणास सांगतां आलें नसतें, कारण त्याच्या जागीं तंबोऱ्यांचा षड्ज उभा होता.

त्या क्षणीं मला आमचा रेडिओ उमगला. तेथें आवाज जाई तेव्हां तंबोराही जाई, तबलाही जाई. इतकीं वर्षें ऐकून एवढी गोष्ट मला कळूं नये!

भीमसेन २०११ च्या जानेवारींत गेले. त्यांच्या गाण्याचे तासन् तास आज कोणासही घरबसल्या मिळतात, चित्रासहित मिळतात; तंबोरे लावण्याचा वेळ मात्र त्यांतून बहुधा कापलेला असतो.

घरीं आल्यावर अण्णांना मीं सारें सांगितलें. हातवारे करूनही दाखविले; ते हंसले. आलापाचें मात्र शब्दांत सांगतां येईना, तेव्हां म्हटलें, "अण्णा, आपल्या देवळांत पायऱ्या उतराव्या लागतात ना? कल्लोळ, गोमुख करीत करीत मग देवी. तसें." षड्जाचें सांगतांना मी थोडा चांचरलों. तो चमत्कार त्यांचाही लाडका असावा, असें मला वाटे. पण सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत.

पुढच्या शनिवारीं दुसऱ्याच कोणाचें तरी गाणें होतें. मध्येंच आवाज बारीक होत चालला. अण्णांनीं आपला डावा हात उचलून मला गप्प राहण्याची खूण केली, कान रेडिओकडे नेला आणि म्हणाले, "तंबोराही गेला बघ."