पाण्यांत बुडणारे ब्रेक

वाहन विकत घेतांना मनुष्य त्याचें रूप पाहतो, वेग विचारतो, इंधन किती लागेल याची चौकशी करितो. परंतु तें थांबतें कसें, हा प्रश्न बहुधा शेवटीं येतो, आणि कित्येकदां येतच नाहीं. मोटारीच्या बाबतींत ही उपेक्षा फारशी बाधत नाहीं. चालकाचा पाय दिवसांतून शेंकडों वेळां ब्रेकवर पडतो, व कांहीं बिघाड झाला तर तो त्याला तत्काळ जाणवतो. परंतु मोटारीच्या मागें जोडलेल्या व नौका वाहून नेणाऱ्या ट्रेलरची गोष्ट निराळी आहे. त्याचे ब्रेक चालकाच्या पायाखालीं नसतात. शिवाय प्रत्येक सहलींत एकदां नौका सोडतांना व एकदां ती परत घेतांना पाण्यांत बुडणें हें त्यांच्या नशिबीं लिहिलेलेंच असतें.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इत्यादि देशांत अनेक कुटुंबें आपली नौका घराच्या आवारांत ठेवितात, सुटीच्या दिवशीं ट्रेलरवरून ती सरोवराकडे किंवा समुद्राकडे नेतात आणि सायंकाळीं परत आणितात. आपल्यापैकीं पुष्कळ घरांतील मुलगे-सुना व लेकी-जांवई आतां त्या देशांत स्थायिक झाले आहेत, आणि त्यांच्यापैकीं कोणाला नौकाविहाराचा शौक लागला असल्यास नवल नाहीं. त्यांच्या पत्रांतून व छायाचित्रांतून आपणांस नौका दिसते, मुलांचे हंसरे चेहरे दिसतात. ट्रेलरचीं चाकें कोणी दाखवीत नाहीं. म्हणून त्या चाकांच्या आंत काय चाललेलें असतें, तें येथें थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

वेग आणि उष्णता

ब्रेक गाडीची गति नाहींशी करीत नाहीं. तो तिचें उष्णतेंत रूपांतर करितो. नौकेसह दोन हजार किलो वजनाचा ट्रेलर ताशीं ९० किलोमीटर वेगानें चालला आहे असें समजा. तो पूर्णपणें थांबवितांना जी उष्णता निर्माण होते, तेवढ्या उष्णतेवर दोन लिटर गार पाण्याला आधण येईल. वेग निम्मा, म्हणजे ४५ किलोमीटर, असेल तर उष्णता मात्र निम्मी नव्हे, चतुर्थांश होते. अर्धा लिटर पाण्यापुरतीच. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकचें काम चौपट वाढतें, हा हिशेब प्रत्येक चालकानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. ट्रेलरचे ब्रेक निकामी असतील तर ही सर्व उष्णता मोटारीच्या ब्रेकांवर पडते. आणि उतारावर तीच मोटार मागून ढकलली जाऊन वाकडीतिकडी होऊं लागते.

धक्क्यावर चालणारे ब्रेक

नौकेच्या ट्रेलरवर बहुधा जी रचना आढळते तिला सर्ज ब्रेक म्हणतात. टांगा एकाएकीं थांबला म्हणजे आंतील उतारू पुढें झुकतात, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. तोच नियम येथें कामास लाविला आहे. मोटारीनें वेग कमी केला कीं मागचा जड ट्रेलर तिच्यावर पुढें रेटला जातो. ट्रेलरच्या पुढील दांड्यांत, जेथें तो मोटारीच्या गोळ्याला अडकविलेला असतो, तेथें एक मागेंपुढें सरकणारा भाग बसविलेला असतो. त्या रेट्यानें हा भाग सरकतो, मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब पडतो, आणि तो दाब नळ्यांतून चाकांपर्यंत पोंचून ब्रेक लागतात. ब्रिटनमध्यें तेलाऐवजीं लोखंडी दांडी व तारा यांनीं हेंच काम करण्याचा प्रघात आहे. मोटार जितक्या जोरानें थांबते, तितक्याच जोरानें ट्रेलर आपणांस आवरतो. वीज नको, चालकाची आज्ञाही नको.

या युक्तींत एक अडचण आहे. मोटार मागें घेतांनाही ट्रेलर रेटलाच जातो, आणि त्या वेळीं नको असतां ब्रेक लागतात. ड्रमच्या कित्येक ब्रेकांत आंतील शू असे बसवितात कीं चाक उलट फिरतांना त्यांची पकड सैल व्हावी. ब्रिटनमध्यें १९८९ च्या एप्रिलपासून तयार झालेल्या अशा ट्रेलरांवर ही सोय सक्तीची आहे.

खरा शत्रु कोण?

अशा ब्रेकांचा घात भारापेक्षां पाणी अधिक करितें. लांबचा प्रवास करून आलेल्या ट्रेलरचीं चाकें तापलेलीं असतात. तशींच तीं धक्क्याच्या उतारावरून थंड पाण्यांत जातात. चाकाच्या तुंब्यांतील तापलेली हवा एकदम आकुंचन पावते आणि रबरी सीलच्या कडेनें पाणी आंत ओढून घेते. तें पाणी बेअरिंगमधील ग्रीस बिघडवितें. ड्रम तर बंद डब्यासारखा. त्यांत शिरलेलें पाणी लवकर वाळत नाहीं. पाणी समुद्राचें असेल तर तें उडून गेल्यावरही मीठ मागें राहतें, आणि मीठ हवेंतील ओलावा पुनःपुन्हा ओढून गंजाचें काम चालू ठेवितें. हिंवाळाभर ट्रेलर उभा राहिला कीं शू ड्रमला चिकटून बसतात, स्प्रिंगा झिजतात, व्हील सिलिंडरचा दट्ट्या जागच्या जागीं जखडतो. बाहेरून पाहणाऱ्यास रंगविलेलें चाक तेवढें दिसतें.

ब्रेकचें तेलही पाण्याचें लोभी आहे. डॉट ३ या नांवाचें नेहमींचें तेल नवें असतां निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाहीं. परंतु सुमारें पावणेचार टक्के पाणी त्यानें शोषून घेतलें कीं ही मर्यादा १४० अंशांवर येऊं शकते. तापलेल्या ब्रेकांत असें तेल उकळलें तर वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि दाब चाकापर्यंत पोंचतच नाहीं.

दुरुस्तीचा क्रम

बिघाडाच्या खुणा ओळखणें कठीण नाहीं. थांबतांना मागून धक्का बसतो. एकच चाक दुसऱ्याहून अधिक तापतें. ट्रेलर एका बाजूस ओढला जातो. चाकाच्या आंतल्या अंगास तेलाचा ओघळ दिसतो. यांपैकीं एकही खूण आढळली तर पुढील सहल पुढें ढकलावी.

काम सपाट जमिनीवर करावें. नौका उतरवून ठेवतां आली तर उत्तम. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनीं लांकडी ठोकळे लावावे, आणि ट्रेलर केवळ जॅकवर न सोडतां भक्कम घोडीवर टेकवावा. ड्रम काढल्यावर आंतील धूळ फुंकून उडवूं नये, कारण जुन्या अस्तरांत आरोग्यास घातक द्रव्यें असण्याचा संभव असतो; ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. शूच्या अस्तराला तेल किंवा ग्रीस लागलें असेल तर तें धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह धरूं नये. शू बदलावे, आणि ते दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे, नाहींतर एक चाक अधिक पकडील व दुसरें कमी. पाझरणारा व्हील सिलिंडर, गंजलेली नळी, चिरा पडलेली रबरी होज या वस्तु दुरुस्त करण्याच्या नसून बदलण्याच्या आहेत. चाक उघडलेंच आहे तर बेअरिंग धुऊन तपासावें, नवें सील घालावें आणि पाण्यास टिकणारें ग्रीस भरावें.

शेवटीं तेलांतील हवा काढणें. हें दोघांचें काम आहे. एकानें दांड्यांतील दट्ट्या पुढें रेटावा व दुसऱ्यानें चाकापाशीं असलेला लहान स्क्रू क्षणभर उघडून मिटावा. हवेचे बुडबुडे बंद होऊन तेलाची अखंड धार येईपर्यंत हें चालवावें. आरंभ सर्वांत दूरच्या चाकापासून करावा. तेल सीलबंद डब्यांतलेंच घ्यावें. इंजिनचें किंवा दुसरें खनिज तेल चुकूनही घालूं नये, कारण त्यानें आंतील रबर फुगून निकामी होतें.

ड्रम कीं डिस्क?

दुरुस्तीचा खर्च वाढूं लागला कीं अनेकजण ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवावे काय, असें विचारतात. डिस्क ब्रेकची कल्पना नवीन नव्हे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें होतें, आणि १९५३ सालीं ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लाविलेल्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, तेव्हां तिची कीर्ति सर्वत्र पसरली. नौकेच्या ट्रेलरवर तिचा गुण निराळ्या कारणानें दिसून येतो. तबकडी उघडी असते. पाणी तिच्यावर सांठत नाहीं, स्वच्छ पाण्यानें ती धुतां येते, आणि गंज आला तर तो डोळ्यांना दिसतो. जो दोष दिसतो त्याचें निवारण वेळेवर होतें. हाच तिचा मोठा लाभ.

परंतु केवळ चाकापाशीं बदल करून भागत नाहीं. डिस्क ब्रेकला तेलाचा दाब अधिक लागतो, म्हणून पुढील दांड्यांतील यंत्र त्यास जुळणारें हवें. ड्रमसाठीं केलेल्या कित्येक यंत्रांत नळींत थोडा दाब कायम राखणारी एक झडप असते. ती तशीच राहिली तर पॅड तबकडीवर सतत घासत राहतात व चाक तापतें. शिवाय तबकडी उलट दिशेसही तितकीच घट्ट पकडली जाते. म्हणून मोटारीच्या मागील पांढऱ्या दिव्याच्या तारेस जोडलेली व तेलाची वाट अडविणारी विजेची झडप बसवावी लागते. खाऱ्या पाण्यांत नौका नेणाऱ्यानें तबकडी व कॅलिपर स्टेनलेस स्टीलचे, निदान गंजरोधक मुलाम्याचे, घ्यावे. आणि पॅडच्या मागची लोखंडी पट्टीही पाहावी, कारण ती गंजून अस्तर सुटून येतें.

याहून वरची पायरी म्हणजे विजेच्या पंपानें तेलाचा दाब उत्पन्न करणारी रचना. तींत ब्रेक मोटारीच्या चालकाच्या हातीं राहतात व लांब उतारावर तो ते स्वतंत्रपणें लावूं शकतो. निवळ विजेच्या चुंबकावर चालणारे ब्रेक मात्र खाऱ्या पाण्यांत लवकर खराब होतात.

कायदा आणि त्याच्या पलीकडे

ऑस्ट्रेलियांत ७५० किलोहून अधिक एकंदर वजनाच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. दोन हजार किलोंच्या वर ते प्रत्येक चाकाला हवेत, आणि ट्रेलर मोटारीपासून तुटला तर ते आपोआप लागून निदान पंधरा मिनिटें लागलेले राहिले पाहिजेत. ब्रिटनमध्येंही ७५० किलोंचीच मर्यादा आहे. अमेरिकेंत नियम संस्थानागणिक बदलतात. कॅलिफोर्नियांत अशा ट्रेलरला तीन हजार पौंडांपासून ब्रेक लागतात. परंतु कायदा ब्रेक असावे असें सांगतो. ते दर रविवारीं धुवावे असें सांगत नाहीं. तें घरच्या माणसांनींच करावयाचें असतें.

त्याचा खर्चही कांहीं नाहीं. नौका पाण्यांत सोडण्यापूर्वीं चाकें निवूं द्यावीं. घरीं आल्यावर नळाच्या गोड्या पाण्यानें ब्रेक भरपूर धुवावे. ड्रम असतील तर आंत पाणी सोडण्याची नळी बसवून घ्यावी. ट्रेलर पुष्कळ दिवस उभा राहणार असेल तर हातब्रेक ओढून न ठेवतां चाकांना ठोकळे लावावे, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहींत. वर्षांतून एकदां चाकें उघडून पाहावीं आणि तेल बदलावें.

उत्तम तबकडी, उंची पंप व नवें यंत्र बसवूनही जो हें करीत नाहीं, त्याचे ब्रेक दोनचार वर्षांत पुन्हा जुन्याच वाटेला लागतात. आणि जो करितो, त्याचा साधा ड्रमही दीर्घकाळ चाकरी बजावतो. परदेशीं असलेल्या आपल्या मुलांना पुढच्या पत्रांत नौकेचें कुशल विचारतांना ट्रेलरचीं चाकें गेल्या वेळीं केव्हां उघडलीं होतीं, हेंही अवश्य विचारावें. मागच्या आसनावर बसलेलीं नातवंडें त्या चाकांच्या भरंवशावर निर्धास्त झोंपलेलीं असतात.