बापानंतरची जमीन : किंमत कुठे मोजली जाते?

मुरुडच्या शिवारातली जमीन वडिलांमागे मुलांच्या नावावर येताना आज मृत्युकर लागत नाही. १९५३ च्या संपदा शुल्क कायद्यात तो होता. मृत्यूच्या वेळी खुल्या बाजारात आली असती ती किंमत धरली जाई, वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत होता. मार्च १९८५ मध्ये हा कर बंद झाला.

अमेरिकेत तो आजही आहे. पण १९७६ पासून तिथे अटी पाळणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या जमिनीची किंमत प्लॉटच्या भावाने न धरता शेतीच्या उत्पन्नावरून धरता येते. ही तरतूद मला फार न्याय्य वाटते.

आपल्याकडे वारसनोंदीला मूल्यांकन लागत नाही. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा, आणि बहिणींची नावे आवर्जून घाला. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्रच.

किंमत खरी आडवी येते ती विक्रीत. गावातला जुना वाडा किंवा मोकळा प्लॉट विकला, तर भांडवली नफ्यावर कर बसतो. मालमत्ता २००१ पूर्वीची असेल, तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल विक्रीआधीच करून घ्यावा.