पुडीवरचा तो नंबर नक्की काय करतो?

आजच्या भागाचा हा लेखी अवतार. विषय सरळ आहे: सिगारेट, वेप किंवा तंबाखू सोडायचीये, पण पिशोरसारख्या गावात मदत मागायची कुणाकडे? इथे टपरीवाला ओळखीचा, मेडिकलवाला ओळखीचा, आणि दवाखान्याच्या रांगेत एखादे काका हमखास भेटणार. म्हणून सुरुवात फोनपासून करू.

१८००-११-२३५६. ही सरकारी क्विटलाइन. २०१६ पासून सुरू आहे आणि २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या प्रत्येक पुडीवर, पाकिटावर छापतात. फोन फुकट, मराठीत बोलता येतं. सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८. समुपदेशक तुमची सवय समजून घेतात, सोडायची तारीख ठरवतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. खरी ताकद त्या परत येणाऱ्या फोनमध्ये आहे. कारण पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड: चिडचिड, झोप नाही, कामात लक्ष नाही. माणूस घसरतो तो तेव्हाच.

आता कुणासाठी काय?

वेप ओढणारी कॉलेजची पोरं: २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, विक्री, आयात, साठा, जाहिरात, सगळंच बंद आहे. त्या भीतीने कुणी बोलत नाही. पण मदत मागणं गुन्हा नाही. वेपमध्येही बहुतेक वेळा निकोटिनच असतं, त्यामुळे सोडायची पद्धत तीच.

शेतात, कामावर तंबाखू मळणारे: २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, त्यात धूर ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपला खरा प्रश्न मळलेल्या तंबाखूचा आहे. क्विटलाइन त्यासाठीही आहे. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर थेट दंतवैद्याकडे जा.

मिशरी लावणाऱ्या आई-आजी: त्यांना हे व्यसन वाटतच नाही, 'दात घासते' म्हणतात. रागावू नका. आशाताईंशी बोलणं त्यांना सोपं जातं. नंबर तुम्ही लावून द्या, बोलू त्यांना द्या. गरोदर बाईने मात्र निकोटिन गम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

ताण किंवा उदासीमुळे ओढणारे: टेली-मानस, १४४१६. चोवीस तास, मराठीतही.

समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखू मुक्ती केंद्रात किंवा दंत महाविद्यालयात जा. संभाजीनगरच्या गर्दीत कुणी ओळखणार नाही, हा फायदाच!

मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मिळतो. तो च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नाही. तिखट लागला की गालात ठेवायचा, चव गेली की परत चावायचा. आधी पंधरा मिनिटं चहा नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

आणि तलफ? ती बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ टपरीसमोर नका काढू, चालायला लागा. परत ओढली तरी 'गेलं सगळं' म्हणू नका. बऱ्याच जणांना एकापेक्षा जास्त प्रयत्न लागतात. पुन्हा फोन लावा.

नंबर आत्ताच सेव्ह करा. नाव काहीही द्या, 'मामा' दिलंत तरी चालेल!