इटालियन शिकण्यासाठी पेरुजा कशाला?

उच्च शिक्षणासाठी रोमला निघालेले अनेक धर्मगुरू व धर्मभगिनी प्रथम काही महिने पेरुजा येथे राहतात. रोमच्या ग्रेगोरियन विद्यापीठात बहुतांश अध्यापन इटालियनमधून होते. तेव्हा भाषा हवीच. परंतु ती रोममध्येच का शिकू नये, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर आम्हांस राजापुरात सापडते. मराठी शिकणारा परदेशी मुंबईत अडखळला, की समोरचा लगेच इंग्रजीकडे वळतो. राजापूरच्या बाजारात मात्र भाजीचा भाव विचारता विचारता त्याची मराठी घडत जाईल. डोंगरावर वसलेल्या प्राचीन पेरुजाचेही तसेच आहे. तेथे परदेशीयांसाठी १९२१ मध्ये अभ्यासवर्ग सुरू झाले आणि १९२५ मध्ये त्यांचे विद्यापीठ झाले. वर्गातील धडा बेकरीत आणि चर्चच्या पायऱ्यांवर पक्का होतो. जवळच असिसी आहे. तेथील संत फ्रान्सिस यांनी सृष्टीचे स्तोत्र लॅटिनमध्ये नव्हे, तर उंब्रियाच्या लोकबोलीत रचले.

१५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीच्या गावांत लोकांमध्ये राहिले. म्हणूनच १६१६ मध्ये त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध होऊ शकले.

मरणासन्न माणसाचे पापनिवेदन ऐकताना केवळ व्याकरण पुरत नाही. म्हणून त्या महिन्यांत आपल्या मुलामुलींचे घरी येणारे फोन कमी झाले, तर आईवडिलांनी मन खट्टू करू नये. ती परक्यांचे सुखदुःख समजून घ्यायला शिकत असतात.