नवी वास्तू : गरज किती, बारदान किती

वास्तुशांतीचे आमंत्रण हाती आले की आम्हांस आनंद होतो आणि त्यासोबत थोडी काळजीही वाटते. आनंद अशासाठी की, आपल्या समाजातील एका कुटुंबाने कष्टाच्या पैशातून स्वतःचे छप्पर उभे केले. काळजी अशासाठी की, त्या छपराखाली काय काय भरले जाणार आहे, आणि ते भरताना दुकानाच्या गल्ल्यात काय शिल्लक राहणार आहे, हा विचार चाळीस वर्षांहून अधिक काळ धान्याच्या पेढीवर बसलेल्या माणसाच्या मनातून जात नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने काही अनुभवाचे लिहावे असा आग्रह केला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. विद्वत्ता आमच्यापाशी नाही. दोनदा घर बदलल्याचा अनुभव मात्र आहे. पहिल्या वेळी आम्ही चुकलो आणि दुसऱ्या वेळी थोडे सावरलो. तोच जमाखर्च सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहो.

धान्याच्या व्यापारात बारदान हा शब्द प्रत्येकास ठाऊक आहे. काट्यावर पोते चढले की दिसते ते ढोबळ वजन. त्यातून बारदान वजा केल्यावाचून मालाचे खरे वजन कळत नाही. पन्नास किलोच्या तागाच्या पोत्याचे बारदान अर्ध्या किलोच्या थोडे वर भरते. एका पोत्यात ते जाणवत नाही, पण शंभर पोत्यांत ते विसरणाऱ्या व्यापाऱ्याचे एक पोते धान्य हातोहात गेलेच म्हणून समजावे. घराचेही असेच आहे. पाहुण्याच्या डोळ्यांत भरते ते ढोबळ वजन. त्यातून बारदान वजा केल्यावर जे उरते, त्यावर घरची माणसे जगतात.

1996 साली आम्ही दुकानामागच्या दोन खोल्या सोडून पहिल्याने स्वतंत्र घरात राहावयास गेलो. अळणावर हे लोंढा-धारवाड लोहमार्गावरील जंक्शन. दांडेलीकडचा फाटा येथूनच फुटतो. जंगल जवळ, लाकूड हाताशी, आणि आमचे वय तेव्हा अडतिशीच्या आतबाहेर. बैठकीच्या खोलीत गुळगुळीत चकचकीत फरशी बसविली. समोरच्या भिंतीला काचेच्या दारांचे लाकडी कपाट करविले, त्यात कपबश्यांचे संच मांडले. न्हाणीघर मात्र पूर्वीच्या मालकाने बांधले होते तसेच परसदारी, तीन पायऱ्या उतरून, उघड्यावरून जावे लागे असे ठेवले. ‘पुढल्या वर्षी आतमध्ये बांधू,’ असे म्हटले. मातोश्री त्या वेळी अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी एकदाच विचारले, “पावसाळ्यात रात्री मी कशी जाऊ रे?” आम्ही म्हणालो, “आई, बाहेर दिवा लावून देतो.”

दिवा लावला. परंतु आपल्याकडचा आषाढ सर्वांच्या परिचयाचा आहे. एका रात्री वीज गेली, पायरीवर शेवाळ धरले होते, आणि मातोश्री घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. धारवाडास नेले, शस्त्रक्रिया झाली. पण त्यानंतर त्या स्वतःच्या पायांनी परसदारी कधी गेल्या नाहीत. पुढील तीन वर्षे त्यांनी खाटेवर काढली, आणि 1999 साली त्या आम्हांस सोडून गेल्या. कोणासही त्यांनी बोल लावला नाही. बोल लावला तो आमच्या वहीने. त्या वर्षीची खतावणी चाळताना कपाटाच्या सुताराची रक्कम आणि न्हाणीघरासाठी गवंड्याने सांगितलेली, पण आम्ही न दिलेली, अंदाजाची रक्कम अशा दोन नोंदी आम्हांस समोरासमोर आढळल्या. कपाटाची रक्कम मोठी होती. ती वही आम्ही अजून जपून ठेविली आहे.

या दुःखातून आम्ही जो धडा घेतला, तो आपल्या पूर्वाचार्यांनी फार आधी सांगून ठेविला आहे. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. आनंद काही दरिद्री नव्हता. त्याचे चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसामानात होते. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने घरदार टाकले नाही. त्याने मर्यादा बांधल्या. दूरच्या प्रवासाच्या गाड्या पाचशे, मालवाहू गाड्या पाचशे, येथपासून ते स्नानाला पाणी आठ घडे आणि दातांना ज्येष्ठमधाची ओली काडी, येथपर्यंत त्याने एकेक वस्तू मोजून सांगितली. आकडे वाचून आजचा वाचक हसेल. पाचशे गाड्यांची मर्यादा ती कसली, असे म्हणेल. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिल्यास त्यात दोन मोठ्या गोष्टी सापडतात. घरात गुंतणारा भाग व्यापाराच्या भागाहून त्याने वाढू दिला नव्हता, ही पहिली. आणि ‘पुरे’ हा शब्द त्याने वस्तू घरात येण्यापूर्वी उच्चारला, ही दुसरी. आपल्यातील दिगंबर बंधूंना हेच परिग्रहपरिमाण अणुव्रत रत्नकरंड श्रावकाचारातून परिचित आहे. एकदाच उपयोगी पडतो तो भोग आणि पुनःपुन्हा वापरला जातो तो उपभोग, असा भेद तेथे केला आहे. घरसामान हे बव्हंशी उपभोगाचे खाते. त्यामुळे त्याची चूक एका दिवसात सरत नाही, वर्षानुवर्षे अंगावर वागवावी लागते.

याविषयी दुसरा धडा आम्हांस आमच्याच पंचक्रोशीने दिला. काळी नदीवरील सुपा धरण 1987 साली पुरे झाले आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तेथील अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली. त्यांपैकी एक वृद्ध बाई आमच्या वडिलांच्या वेळेपासून दुकानी तांदूळ नेण्यास येत. त्यांना एकदा आम्ही विचारले की, घर सोडताना काय काय आणले? त्या म्हणाल्या, “जाते आणले, पाण्याची भांडी आणली, बियाण्याचे भात आणले आणि दाराची चौकट उपटून आणली. बाकीचे नंतर आठवले, पण कशावाचून अडले नाही.” आपण हौसेने घर बदलतो, त्यांना ते सक्तीने बदलावे लागले; दोहोंची तुलना करणे उचित नव्हे. तथापि दळण, पाणी, पुढच्या हंगामाचे बी आणि उंबरठा, एवढ्या चार वस्तूंत त्या माउलीने घराची व्याख्या करून टाकली, असे आम्हांस वाटते.

असो. 2022 साली चिरंजीवांनी गावाच्या कडेला घर बांधावयास घेतले, तेव्हा आम्ही एकच अट घातली. कोरी वही आणून तिच्यात तीन रकाने आखले. पहिला, ‘पहिल्या रात्रीपासून लागते’. दुसरा, ‘वर्षात लागेल’. तिसरा, ‘हौस’. घरातील सातही जणांनी आपापली मागणी त्यात लिहावी, आणि तिसऱ्या रकान्यातील काहीही एक पावसाळा व एक दिवाळी उलटल्यावाचून घेऊ नये, असा ठराव झाला.

पहिल्या रकान्यात सर्वांत वर पाणी लिहिले. नळपाणी योजना आखताना शहरांत दर माणशी दररोज 135 लिटर पाणी धरतात. सात माणसांचे ते 945 लिटर झाले. नळ एक दिवसाआड आला तरी अडू नये, म्हणून दोन हजार लिटरचा संप आधी आणि दर्शनी कमान मागाहून, असे ठरले. शिवाय 100 चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी पडते. वीस टक्के वाया गेले असे धरले तरी ऐंशी हजार उरते. ते गटारात सोडणे म्हणजे दारी आलेला माल परत पाठविणे होय. पन्हाळी लावून ते विहिरीत वळविले. पाणी गाळून घेणे हा तर आपला नित्याचार. त्यासाठी ओट्याजवळ जागा व उजेड आधीच ठेविला.

त्याखाली न्हाणीघर लिहिले. ते निजण्याच्या खोलीस लागून, उंबऱ्यावाचून, खरखरीत फरशीचे, भिंतीला धरावयास दांडी असलेले केले. हे लिहिताना आमचा हात काही वेळ थांबला होता, हे येथे नमूद करतो. त्यानंतर विजेचे अर्थिंग व गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच. कारण ओल आणि वीज यांची गाठ प्राणावर बेतते. त्यानंतर स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात पावसाळी संध्याकाळी चुलीपाशी उजेड नसेल, तर नियम आपण पाळतो आणि त्याचा त्रास घरातील स्त्रियांना होतो.

भिंतींच्या बाबतीत आमची गोदामातील विद्या कामी आली. धान्याची थप्पी आपण जमिनीला व भिंतीला टेकवून कधी लावीत नाही. खाली फळ्या घालतो आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडतो. धान्यात 12 ते 14 टक्क्यांहून अधिक ओल राहिली की बुरशी आलीच. नव्या घराच्या भिंती म्हणजे ओला मालच. विटा, चुना, सिमेंट यांनी प्यालेले पाणी निघून जाण्यास काळ लागतो. घाईने भिंतीला ठोकून बसविलेली लाकडी कपाटे पहिल्याच श्रावणात फुगतात, पाठीमागे बुरशी धरते. म्हणून पहिले वर्ष आमचे कपडे पत्र्याच्या जुन्या कपाटात, भिंतीपासून वीतभर दूर, सुखाने राहिले. थांबल्याने पैसा वाचला, आणि कपाट कोठे हवे हेही राहिल्यावरच कळले.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. कपडे धुण्याचे यंत्र आम्ही तिसऱ्या रकान्यात लिहिले होते. सूनबाईंनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाल्या, “मामंजी, हे हौसेत कोणी लिहिले?” आम्ही म्हणालो, “आम्ही.” त्या म्हणाल्या, “सात माणसांचे कपडे जून ते सप्टेंबर कोण धुते आणि कोण वाळविते? ज्याने धुतले त्याने रकाना ठरवावा.” आम्हांस उत्तर सुचले नाही. मातोश्रींनी पायऱ्यांविषयी विचारले तेव्हाही रकाना दुसऱ्यानेच ठरविला होता. यंत्र त्याच दिवशी पहिल्या रकान्यात गेले. तेव्हापासून आमचे मत असे बनले आहे की, गरज कोणती व हौस कोणती हे पैसे देणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. जो वाकतो, भरतो, घासतो, चढतो, उतरतो, त्याची साक्ष आधी घ्यावी.

पैशाविषयी दोन शब्द. आपल्या भागात भाताची आवक दिवाळीच्या सुमारास सुरू होते, आणि लोकांचा गृहप्रवेशही बहुधा त्याच मुहूर्तावर असतो. रोकड नेमकी त्याच वेळी सोफ्यात व झुंबरात अडकली, तर शेतकरी गाडी घेऊन दारी येतो आणि व्यापारी रिकाम्या हाताने उभा राहतो. कर्जाचा हप्ता तेजीमंदी पाहत नाही. यास्तव आमचा नियम असा : हंगामाच्या खरेदीची रक्कम आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढल्यानंतर जे उरेल, तेवढेच घराचे. धंद्याचे भांडवल भिंतीत चिणले की ते पुन्हा बाहेर काढता येत नाही.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, आणि ठरल्याप्रमाणे तिसरा रकाना वाचावयास घेतला. त्यात एकतीस नोंदी होत्या. प्रत्येकास विचारले, अजून हवे आहे काय? छताखालचे दुसरे छत, दिव्यांच्या माळा, पाहुण्यांसाठी निराळी काचेची भांडी, यांतील बहुतेकांची मागणी करणाऱ्यालाही आठवण नव्हती. चार नोंदी उरल्या. त्यांतील एक आमचीच होती : सोप्यात सागवानी झोपाळा. तो आम्ही घेतला. गरज म्हणून नव्हे. वहीत हौस म्हणूनच नावे टाकला. हौसेला गरजेचे नाव देऊन खर्ची घालणे हा खोटा हिशेब होय. खऱ्या नावाने आणि ऐपतीत लिहिलेली हौस ही वहीला डाग नव्हे.

त्या झोपाळ्यावर संध्याकाळी धाकटी नात शेजारी येऊन बसते. आमच्या मातोश्रींचा फोटो तेथून समोर दिसतो. काचेचे ते जुने कपाट आम्ही या घरात आणले नाही. त्याची लाकडे काढून कोठीघरात पोत्यांखाली घालावयाच्या फळ्या करविल्या. आता त्यांच्यावर वर्षाची ज्वारी व तांदूळ कोरडे राहतात.

सभासद बंधूंपैकी ज्यांच्या घरी येत्या वर्षी वास्तुशांती व्हावयाची असेल, त्यांनी एवढे करावे : सुतारास बोलाविण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसास नव्या घरात रात्रीच्या वेळी एकदा न्हाणीघरापर्यंत चालवून पाहावे. वहीचा पहिला रकाना तेथेच लिहून होईल. अधिक काय लिहावे? चुकले असेल ते सांभाळून घ्यावे. जय जिनेंद्र.