तिखट अंगाला कळतं

सावजी रश्श्याचा पहिला भुरका मारला की कपाळावर घाम फुटतो, कान तापतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की नागपूरकराचं अंग हेच करतं, आणि तो योगायोग नाही. गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंगतीत तिखट बसत नाही. ती चव नसून दाहाची संवेदना आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या टीआरपीव्ही1 प्रथिनाला चेतवतं, तेच प्रथिन सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेनंही चेतवलं जातं. मेंदूला निरोप जातो तो पोळल्याचा. मग शरीर अंग थंड करायला लागतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूनं 1997 मध्ये हे प्रथिन शोधलं. 2021 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

हे प्रथिन त्वचेतल्या मज्जातंतूंतही असतं. म्हणून भिवापुरी मिरची निवडणाऱ्या हातांची आग होते. तोच हात डोळ्याला लागला तर विचारूच नका. पाण्याचा फारसा उपयोग नाही, कारण कॅप्सायसिन त्यात जवळजवळ विरघळत नाही. दुधातलं केसिन मात्र त्याला धरून नेतं. रोजच्या खाण्यानं हे मज्जातंतू बोथट होतात. त्यामुळे ‘काही तिखट नाही जी’ म्हणणारा सावजीप्रेमी यजमान खोटं बोलत नसतो.